सियागंजात बनवून घेतलेला घडीचा पिंजरा: तीन हिवाळ्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या सियागंजाजवळच्या एका गल्लीत पत्र्याच्या कोठ्या, तेलाची मापे आणि पिठाच्या चाळण्या बनवणारे एक छोटे दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही तेथून उंदरांसारखे लहान प्राणी जिवंत धरण्यासाठी साठ घडीचे पिंजरे बनवून घेतले, आणि गेले तीन हिवाळे चोरलच्या बाजूच्या शेतांत व माळांवर ते लावत आलो आहोत. पिंजरे हा दुकानदाराचा नेहमीचा माल नाही, सांगितले तरच तो बनवतो, आणि अशा मागण्या वाढू नयेत अशी त्याचीच इच्छा असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. तरीही हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. कारण पत्र्याचे काम चांगले येणारा कोणत्याही गावचा कारागीर असा पिंजरा बनवू शकतो, आणि बनवून घेताना कोठे अडून बसायचे हे आम्हाला आधी कळले असते तर पहिल्या हिवाळ्यात आमच्या हातून तीन जीव गेले नसते.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. दर वर्षी डिसेंबर किंवा जानेवारीत पदव्युत्तर वर्गातील आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही पाच रात्रींचे शिबिर करतो आणि शेताच्या बांधांवर, पडीक जमिनीत व विंध्याच्या उतारावरील झुडपांत राहणाऱ्या लहान सस्तन प्राण्यांची नोंद ठेवतो. सापडलेला प्राणी मोजायचा, त्याचे वजन करायचे, त्याला खूण करायची आणि जेथे सापडला तेथेच सोडून द्यायचे, असा आमचा क्रम असतो. त्यामुळे पिंजऱ्याने एकूण किती उंदीर धरले यावरून मी त्याची किंमत करत नाही. पहाटे दार उघडल्यावर आतला प्राणी कोरडा, उबदार आणि धडधाकट बाहेर येतो की नाही, एवढ्या एकाच कसोटीवर मी हा पिंजरा तपासला आहे. ही कसोटी केवळ दयेपोटी लावलेली नाही. प्राण्याला पिंजऱ्यात जो त्रास होतो तो शेवटी आपल्या आकडेमोडीत उतरतो, हे पुढे दाखवीन.

घरोघरी असतो तो तारेचा पिंजरा या कामाला का चालत नाही, असे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. आकड्याला भज्याचा तुकडा अडकवून लावलेल्या त्या पिंजऱ्यात उंदीर सापडतो हे खरे, पण तो रात्रभर उघड्यावर राहतो. थंडी त्याला चारी बाजूंनी लागते, मांजर किंवा मुंगूस बाहेरून पंजा मारते, आणि बाहेर दिसणाऱ्या मोकळ्या जागेकडे जाण्यासाठी जाळीवर तोंड घासून घासून सकाळपर्यंत त्याचे नाक सोलवटून निघते. शिवाय असे दहा पिंजरेही एका माणसाला शेतातून वाहून नेता येत नाहीत. चाप लावला तर प्राणी मरतोच. चिकट पुठ्ठ्याचा विचारसुद्धा करू नये.

पूर्वी मारूनच अभ्यास होत असे, हे येथे नमूद केले पाहिजे. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1911 मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली आणि तिचे पहिले काम खानदेशात झाले. आमच्या इंदुराहून सेंधव्याचा घाट उतरले की लागतो तोच खानदेश. त्या पाहणीत प्राण्यांची कातडी आणि कवट्या जमवल्या गेल्या, आणि आज आपण एखाद्या उंदराचे नाव खात्रीने सांगू शकतो ते पुष्कळ अंशी त्या संग्रहांच्या आधारावर. सोसायटीचे तेव्हाचे मानद सचिव मिलार्ड यांचे नाव उंदरांच्या एका प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, मिळाले. त्या मिलार्डिया प्रजातीतील एक जाती 1975 मध्ये सिंहगडाच्या माथ्यावरून वर्णिली गेली आणि गडाच्या जुन्या नावावरून तिला कोंडाणा हे नाव दिले गेले, ही गोष्ट सांगितली की इंदूरची मराठी मुले एकदम कान टवकारतात. पण ज्या प्रश्नांची उत्तरे आम्हाला हवी आहेत, म्हणजे या बांधावर किती प्राणी आहेत, ते किती फिरतात, गहू निघाल्यावर कोठे जातात, ती मेलेला प्राणी देऊ शकत नाही.

आमच्या पिंजऱ्याचा नमुना मूळचा अमेरिकेतील आहे. फ्लोरिडातील प्राणिशास्त्रज्ञ एच. बी. शेरमन यांनी 1920 च्या दशकात पत्र्याची ही बंद पेटी तयार केली, आणि आज जगभर लहान सस्तन प्राण्यांच्या अभ्यासात ती शेरमन ट्रॅप याच नावाने वापरली जाते. तिचा नेहमीचा आकार 9 इंच लांब, साडेतीन इंच उंच आणि 3 इंच रुंद, म्हणजे सुमारे 23 × 9 × 7.5 सेंमी इतका असतो. चारही बाजूंना बिजागऱ्या असल्यामुळे ती वहीसारखी चपटी मिटते. पुढचे दार तळाला जोडलेले असून ते आत पाडून ठेवायचे, म्हणजे पायपट्टीचा खाचा त्याला धरून ठेवतो. प्राणी आमिषाकडे जाताना पायपट्टीवर पाय देतो, खाचा सुटतो आणि स्प्रिंगच्या जोराने दार खालून वर उसळून बंद होते. मागच्या दारातून आमिष ठेवता येते आणि प्राणी पिशवीत काढता येतो. यंत्र म्हणून एवढेच. बिघडण्यासारख्या जागा दोनच, एक पायपट्टी आणि दुसरी दाराची कड. आमचा जवळजवळ सगळा अनुभव या दोन जागांभोवती फिरतो.

विभागाकडे परदेशी बनावटीचा एक जुना पिंजरा होता. तो आम्ही नमुना म्हणून कारागिराला दिला. त्याने तो दहा मिनिटे उघडून-मिटून पाहिला, कागदावर मापे उतरवली आणि आठवड्याने दोन नग हातात ठेवले, एक 24 गेज जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा आणि दुसरा त्याच गेजच्या गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पत्र्याचा. पहिल्याचे वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरले, दुसऱ्याचे त्याच्या दुपटीहून जास्त. साठ पिंजरे पाठीवरच्या पिशव्यांतून बांधाबांधाने न्यायचे असतात तेव्हा हा फरक साधारण दहा किलो की पंचवीस किलो असा होतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त आणि दणकट. त्यावर गाईचा पाय पडला तरी ठोकून सरळ करता येतो. ॲल्युमिनियम हलका, पण एकदा वाकला की बिजागरीची रेषा बिघडते आणि दार अडकू लागते. आम्ही चाळीस ॲल्युमिनियमचे आणि वीस गॅल्व्हनाइज्डचे घेतले. ॲल्युमिनियमचा नग 520 रुपयांना पडला, दुसरा 380 ला. बिजागऱ्यांची सफाई, रिबिटांची पकड आणि स्प्रिंगचा ताण यांत पहिल्या खेपेला बोट ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक पिंजऱ्यावर 1 पासून 60 पर्यंत क्रमांक ठोकून द्यावा हे तर त्याचेच म्हणणे होते, आणि त्याचे त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता पायपट्टी. माळव्यातील शेतात सापडणारा सर्वांत लहान उंदीर म्हणजे शेतउंदीर (शास्त्रीय नाव मस बूडुगा). पूर्ण वाढ झालेला हा प्राणी दहा ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याच बांधावर शंभर-दीडशे ग्रॅमचा जर्बिल हा मोठा उंदीरही असतो. एकाच पायपट्टीने या दोघांच्याही पावलाला दाद द्यायची, पण वाऱ्याने किंवा मुंग्यांनी सुटायचे नाही, अशी आपली अपेक्षा असते. पहिल्या रात्री आमच्या निम्म्याहून अधिक पिंजऱ्यांतील आमिष साफ खाल्लेले होते, आत लहान लेंड्या पडल्या होत्या आणि दार सताड उघडे होते. म्हणजे शेतउंदीर आला, जेवला आणि निघून गेला. त्या दिवशीच्या नोंदवहीवर विश्वास ठेवला असता तर या बांधावर शेतउंदीर नाहीत असे आम्ही लिहून मोकळे झालो असतो. कारण साधे होते. नमुन्याचा पिंजरा मोठ्या उंदरांसाठी कधीतरी कोणीतरी घट्ट करून ठेवलेला होता आणि कारागिराने तो घट्टपणा इमानाने साठही नगांत उतरवला होता.

उपाय आम्हीच शोधला. सराफ्यातील एका ओळखीच्या दुकानातील काट्यावर आठ ग्रॅम वाळू तोलून घेतली, तिची कापडात पुरचुंडी बांधली, आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या पायपट्टीच्या टोकावर ती हलकेच ठेवून दार बंद होते का ते पाहिले. झाले नाही तर खाच्याची जीभ पक्कडीने किंचित वर वाकवायची, आपोआप बंद झाले तर खाली. साठ पिंजऱ्यांना एक पूर्ण दुपार लागली. ही परीक्षा आता आम्ही दर शिबिराच्या आदल्या दिवशी घेतो, कारण वाहतुकीत धक्के बसून जिभा पुन्हा हलतात. ज्यांना असा पिंजरा घ्यायचा आहे त्यांनी पुरचुंडी खिशात घेऊनच दुकानात जावे आणि दहातले तीन नग तेथेच तपासावेत.

दाराची कड हा दुसरा आणि जास्त गंभीर दोष. जर्बिल, टाटेरा इंडिका, हा मोठ्या डोळ्यांचा, उड्या मारत जाणारा, शेपटीच्या टोकाला काळा झुबका असलेला देखणा प्राणी आहे. हिंदीत त्याला हरना मूसा असे जुने नाव आहे ते उगाच नाही. त्याचे डोके-धड 15 ते 20 सेंमी आणि शेपटी त्याहूनही लांब. 23 सेंमी लांबीच्या पेटीत तो पायपट्टीपर्यंत पोचतो तेव्हा शेपटी अजून दारावरच असते. दार वर उसळते आणि शेपटी दाराची कड व छत यांच्यामध्ये सापडते. आमच्या दारांची ती कड कात्रीने कापलेली तशीच उघडी होती. पहिल्या हिवाळ्यात एका जर्बिलाची शेपटी टोकाकडे खरचटली आणि दुसऱ्याची त्वचाच सोलून निघाली. जर्बिलाच्या शेपटीची त्वचा फार सहज सुटते, म्हणूनच त्याला कधीही शेपटीच्या टोकाला धरून उचलू नये असे आम्ही मुलांना शिकवतो. आणि येथे आमच्याच पिंजऱ्याने ते केले होते.

मी कड दुमडून मागितली तेव्हा कारागीर म्हणाला, “ताई, उंदीरच तर धरायचा आहे ना, त्याची शेपटी कशाला सांभाळायची?” त्याचे म्हणणे अगदीच गैर नव्हते, कारण त्याच्या दुकानात उंदीर हा धान्याच्या कोठीचा शत्रू म्हणूनच माहीत आहे. सोललेल्या शेपटीचे छायाचित्र दाखवल्यावर मात्र तो काही बोलला नाही. त्याने साठही दारे परत घेतली, वरची कड आत दुमडून ठोकली आणि छताशी चार-पाच मिलिमीटरची फट सोडली. त्या फटीतून शेतउंदीरही निसटत नाही आणि शेपटीवर सगळा जोर येत नाही. तरी जर्बिलासाठी 23 सेंमीची पेटी आखूडच आहे, हे माझे मत कायम आहे. ज्यांच्या भागात जर्बिल व घुशी जास्त आहेत त्यांनी निदान एक तृतीयांश पिंजरे 30 सेंमी लांबीचे घ्यावेत.

वर ज्या तीन जिवांचा उल्लेख केला ते तिन्ही शेतउंदीर होते आणि ते थंडीने गेले. त्या रात्री मावठा पडला. मोठा पाऊस नव्हता, नुसती भुरभुर, पण पत्रा बाहेरून गार झाला, प्राण्याच्या श्वासाची वाफ आत साचून छतावरून ठिबकली आणि आम्ही घातलेला औषधी कापूस पाणी शोषून लगदा झाला. इतक्या लहान प्राण्याचे आकारमान कमी आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठे, त्यामुळे तो उष्णता झपाट्याने गमावतो. ओला झाला तर त्याला रात्र काढता येत नाही. हा दोष सर्वस्वी पिंजऱ्याचा म्हणता येणार नाही. पत्रा गार होणारच. ब्रिटनमध्ये 1949 साली पुढे आलेल्या लाँगवर्थ पिंजऱ्यात याच कारणासाठी बोगद्याच्या मागे वेगळी घरटे-पेटी जोडलेली असते, पण तो मिटत नाही आणि वाहून न्यायला त्रासाचा आहे.

त्या सकाळनंतर आम्ही औषधी कापूस बंद केला आणि सावरीचा कापूस वापरू लागलो. तो पाणी धरत नाही, हाताला हलका लागतो, आणि उंदीर त्याचा बघता बघता गोळा करून आत शिरतो. पिंजरा ठेवताना दाराकडची बाजू बोटभर उताराला ठेवायची, म्हणजे पाणी आत न येता बाहेर जाते. वर चपटा दगड आणि त्यावर सोयाबीनचा भुसा पसरायचा. पुढच्या दोन हिवाळ्यांत थंडीने एकही प्राणी दगावला नाही. कारागिराने तळाला तीन बारीक भोके पाडून द्यावीत, ही माझी सूचना त्याने मान्य केली आणि तिचाही उपयोग झाला.

आमिषाबद्दल थोडे. परदेशी पुस्तकांत शेंगदाण्याचे लोणी आणि ओट यांचे मिश्रण सांगितलेले असते. आम्ही भाजलेले शेंगदाणे कुटून त्यात ज्वारीचे पीठ व चार थेंब तेल घालून गोळ्या करतो. एका विद्यार्थ्याने सेव घालून पाहावी असा आग्रह धरला. इंदूरचा माणूस पोह्यांपासून आमटीपर्यंत सगळ्यावर सेव घालतो, तेव्हा उंदरांना तरी का वगळावे, असा त्याचा युक्तिवाद होता. सेव घातलेल्या पिंजऱ्यांत उंदीर आले, नाही असे नाही, पण एका रांगेत दोन प्रकारची आमिषे ठेवली की रांगांची तुलना करता येत नाही, म्हणून तो प्रयोग थांबवला. गूळ मात्र कटाक्षाने टाळावा. मुंग्या येतात, आणि बंद पेटीत अडकलेल्या प्राण्याला मुंग्यांपासून पळायला जागा नसते. तेल जास्त झाले तर ते पायपट्टीच्या सांध्यात जाऊन धुळीबरोबर घट्ट होते, हाही अनुभव घेतला.

पिंजरे दिवस मावळताना उघडायचे, रात्री दहाच्या सुमारास एक फेरी मारायची आणि उजाडण्यापूर्वी दुसरी. सकाळी सगळी दारे मिटून ठेवायची, कारण उन्हात पत्र्याची पेटी भट्टी होते आणि दिवसा हिंडणारी पाच पट्ट्यांची खार हटकून आत शिरते. साठ मांडले तर साठ मोजून परत आणायचे. विसरलेला एक पिंजरा म्हणजे उपाशी मेलेला एक प्राणी. आमच्या कारागिराने ठोकलेले क्रमांक येथे फार कामाला आले. चाचपडूनही वाचता येतात.

प्राणी मागच्या दारातून कापडी पिशवीत घ्यायचा, स्प्रिंगच्या काट्यावर पिशवीसह तोलायचा, मग मानगुटीची सैल कातडी धरून डोके-धड, शेपटी, मागचे पाऊल आणि कान ही चार मापे घ्यायची. मागच्या पावलाच्या मापाने पुष्कळदा पिल्लू आणि लहान जात यांतला गोंधळ मिटतो. तीन हिवाळ्यांत आम्हाला शेतउंदीर आणि जर्बिल यांच्याखेरीज मऊ केसांचा मिलार्डिया मेल्टाडा, जो काळ्या जमिनीच्या भेगांत राहतो, आणि झुडपांच्या कडेला गोलुंडा एलिओटी मिळाला. या दुसऱ्याचे केस राठ असतात आणि वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खाच असते. त्याच्या नावातील एलिओट म्हणजे वॉल्टर एलिअट, ज्यांनी 1839 मध्ये दक्षिण मराठा प्रांतातील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. ती माणसे स्थानिक नावेही आस्थेने टिपून ठेवत, ही सवय आपण सोडली हे वाईट झाले.

आता आकडेमोडीकडे येते. संख्येचा अंदाज काढण्याची सर्वांत सोपी रीत लिंकन आणि पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या फेरीत, समजा, 20 प्राण्यांना खूण करून सोडले. दुसऱ्या फेरीत 18 सापडले आणि त्यांपैकी 6 खुणेचे निघाले. तर एकूण संख्या 20 गुणिले 18 भागिले 6, म्हणजे 60. या गणितामागे एक गृहीत आहे की खुणेचा आणि बिनखुणेचा प्राणी पिंजऱ्यात येण्याची शक्यता सारखीच आहे. आता शेपटी चिमटलेले किंवा रात्रभर कुडकुडलेले दोन प्राणी पिंजऱ्याला बुजले आणि दुसऱ्यांदा आले नाहीत असे धरा. मग सापडले 16, त्यांतले खुणेचे 4, आणि उत्तर येते 80. शेतात एकही उंदीर वाढला नाही, तरी वहीत वीस वाढले, आणि ते दाराच्या न दुमडलेल्या कडेने वाढवले. उलट, आमिषाला चटावलेला प्राणी रोज येऊन बसू लागला तर संख्या खऱ्याहून कमी दिसते. पहिल्या हिवाळ्यातील आमचे अंदाज म्हणूनच मी बाजूला ठेवले आहेत.

चिचुंद्रीसाठी हा पिंजरा घेऊ नये. ती कीटक खाते, तिचे शरीर सतत अन्न मागते, आणि रात्री दहाला सापडलेली चिचुंद्री शेंगदाण्याच्या गोळीवर पहाटेपर्यंत काढू शकेल याची खात्री देता येत नाही. तिच्या वासाने पिंजरा दोन धुण्यांतही स्वच्छ होत नाही, ही आणखी एक अडचण. तिच्यासाठी आम्ही जमिनीत काठापर्यंत पुरलेल्या प्लॅस्टिकच्या बादल्या वापरतो, तळाला भोके पाडून, आत पालापाचोळा आणि थोडे कीटक टाकून, आणि त्या रात्री दर दोन तासांनी पाहतो. चिचुंद्रीची पिल्ले आईच्या आणि एकमेकांच्या शेपटीच्या मुळाशी दातांनी धरून आगगाडीसारखी रांगेत चालतात. असा एक तांडा एका मुलीला रात्री बॅटरीच्या उजेडात दिसला.

स्वच्छतेच्या बाबतीत ॲल्युमिनियमची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो आणि त्यांच्या अंगावरील माइट्स या बारीक जिवांच्या पिल्लांमुळे स्क्रब टायफस हा ताप होऊ शकतो, म्हणून हातमोजे व मुखपट्टी न विसरता वापरायची आणि पिंजरे धुवायचे. पण ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवलेले आमचे सहा पिंजरे महिन्याभरात पांढरे पडून खरबरीत झाले. साबणाचे गरम पाणी, घासणी आणि दोन दिवसांचे कडक ऊन हेच बरे.

तक्रारही नोंदवते. दुसऱ्या वर्षी मोडक्यांच्या बदली आणखी पंधरा नग मागवले तेव्हा पत्रा न सांगता पातळ घातलेला निघाला, आणि दारांच्या कडा पुन्हा कात्रीने कापलेल्या तशाच होत्या. विचारल्यावर, काम दुसऱ्या पोऱ्याने केले, असे उत्तर मिळाले. नग बदलून मिळाले, पण शिबिर उलटून गेल्यावर. ठरल्या दिवशी माल हातात पडेल या भरवशावर येथे राहू नये, निदान महिनाभर आधी मागणी द्यावी आणि पत्र्याचा गेज पावतीवर लिहून घ्यावा. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र हा माणूस उदार आहे. स्प्रिंग बदलण्याचे त्याने आजवर काहीच घेतले नाही.

पिंजरे विकत मिळतात म्हणून ते कोठेही मांडता येतात असे कोणी समजू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पकडणे आणि सापळा लावणे हेही येते, आणि उंदरांना उपद्रवी म्हणून वेगळे काढणारे पाचवे परिशिष्ट 2022 च्या दुरुस्तीने काढून टाकले आहे. आम्ही वनविभागाची लेखी परवानगी, संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची संमती आणि शेतमालकाचा होकार, तिन्ही घेऊनच पिंजरे उघडतो. यांत शेतमालकाचा होकार सर्वांत अवघड गेला. आमचे यजमान काका पहिल्या सकाळी बांधावर उभे राहून सगळे पाहत होते. आम्ही जर्बिलाला मोजून, पाठीवरचे चार केस कातरून खूण करून त्याच बिळापाशी सोडले तेव्हा ते म्हणाले, “पकडलेला चोर माझ्याच घरात परत सोडता होय!” नंतरच्या वर्षी त्यांनीच बिळांच्या जागा दाखवल्या.

एकूण हिशोबात हा पिंजरा मी पुन्हा घेईन आणि घेतलाही आहे. या महिन्यात 30 सेंमी लांबीच्या वीस नगांची मागणी दिली आहे, ॲल्युमिनियम 24 गेज, दुमडलेली कड, तळाला भोके, सगळे पावतीवर लिहून. परवा पहिले पाच नग पाहायला गेले तेव्हा कारागिराने पुरचुंडी मागून घेतली, पाचही पायपट्ट्यांवर स्वतः ठेवून पाहिली, एक नग बाजूला काढला, आणि पुरचुंडी मला परत न देता गल्ल्यात टाकली. आता मला दुसरी तोलून घ्यावी लागेल.